बायपासनंतर रिफ्लेक्सॉलॉजी: दुखणं आणि रात्रीची घालमेल कमी होते का? कुठे दाबायचं, कुठे नाही?

कोरांटी

मंडळी, सल्ला हवा आहे. पेशंटची माहिती आधीच देते, म्हणजे उलटसुलट विचारावं लागणार नाही.

सासरे, वय ६६, मधुमेह १४ वर्षं. बायपासला आज अकरावा दिवस, घरी येऊन चार दिवस झाले. तीन ग्राफ्ट (तुंबलेल्या नळीला वळसा घालून जोडलेल्या रक्तवाहिन्या). एक रोहिणी छातीतलीच डावीकडची वापरली आहे आणि शीर डाव्या पायातून काढली आहे. टाके घोट्याच्या आतल्या बाजूपासून गुडघ्याखालपर्यंत, अजून काढायचे आहेत. गोळ्या: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, मेटोप्रोलॉल, ॲटॉर्वास्टॅटिन, साखरेच्या दोन, पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीनदा, आणि रात्री गरज पडली तर ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची एक.

त्रास असा: खोकताना छाती दुखते, दोन्ही खांद्यांच्या मधे पाठ भरून येते, आणि रात्री अकरानंतर घालमेल सुरू होते. ओळखीतल्या एकांनी तळपायाचं रिफ्लेक्सॉलॉजी (तळव्यावरचे ठरावीक बिंदू दाबणं) सुचवलंय, रोज अर्धा तास. सासूबाईंचा आग्रह काशाच्या वाटीचा आहे. सर्जनना विचारलं तर म्हणाले, "हलक्या हाताने करा, जखमेपासून लांब." म्हणजे नेमकं काय?

---

टाचदुखी (फिजिओथेरपिस्ट)

कोरांटीताई, कुठला बिंदू दाबायचा हे नंतर. पायाला हात लावायच्या आधी चार गोष्टी बघा, आणि रोज बघा. एकदा बघितलं की झालं असं नाही.

पहिली पोटरी. ऑपरेशननंतर काही आठवडे पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका जास्त असतो. अशा पायाला चोळलं तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अडचण अशी की ज्या पायातून शीर काढली त्याला सूज येतेच, आणि ती कित्येक आठवडे राहते. मग ओळखायचं कसं? साधी सूज संध्याकाळी वाढते आणि पाय वर ठेवून झोपल्यावर सकाळी उतरते. सकाळीही न उतरणारी, अचानक वाढलेली, पोटरीत दुखरी, गरम लागणारी सूज वेगळी. ज्या पायाला टाकेच नाहीत त्या उजव्या पायाला सूज आली तर तीही वेगळी. मोजपट्टी आणा. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर पेनाने खूण करा आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर रोज सकाळी त्याच खुणेवर मोजून लिहा. शंका आली की त्या दिवशी चोळणं बंद, डॉक्टरांना फोन, आणि ते सांगतील तर डॉपलर (शिरांची सोनोग्राफी). "घोट्याला धरून पाऊल वर वाकवलं की पोटरी दुखते का" ही घरगुती परीक्षा भरवशाची नाही, तिच्यावर विसंबू नका.

दुसरी रक्तपुरवठा. ज्यांच्या हृदयाच्या नळ्या तुंबतात त्यांच्या पायाच्याही बरेचदा तुंबलेल्या असतात. अंगठ्याचं नख पाच सेकंद दाबून सोडा. गुलाबी रंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा. पाऊल थंडगार, फिकट किंवा निळसर असेल तर दाबकाम नको.

तिसरी संवेदना. हे मधुमेहासाठी. डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला तर्जनी एक-दोन सेकंद नुसती टेकवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. "लागलं की सांगा" एवढंच म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची राखणदार संवेदना गेलेली आहे असं धरून चालायचं.

चौथी कातडी. भेगा, बोटांच्या बेचक्यातली बुरशी, टाचेला अंथरुणाने पडलेला लाल डाग. ऑपरेशननंतर टाच खूप वेळ एका जागी टेकलेली असते. लाल डाग दाबून पाहा. दाबल्यावर पांढरा झाला नाही तर तिथे मसाज अजिबात नाही, टाच अधांतरी राहील अशी उशी लावा.

डाव्या पायाचं एक खास. शीर काढताना तिच्या शेजारून जाणारी नस बऱ्याचदा दुखावते. मग घोट्याच्या आतल्या बाजूपासून पावलाच्या आतल्या कडेने अंगठ्याच्या मुळापर्यंत बधिर किंवा झिणझिण लागतं. रिफ्लेक्सॉलॉजीचे लोक नेमकी हीच कड "पाठीचा कणा" म्हणून दाबतात! कळत नसलेल्या जागेवर अंगठा फिरवत बसलं तर जोर किती लागतोय ते पेशंट सांगूच शकत नाही.

एकूण, टाके निघून जखम पूर्ण सुकेपर्यंत डावा पाय घोट्यापासून वर सोडून द्या. उजव्याचा फक्त तळवा. पोटरी दोन्हीकडे वर्ज्य. आणि हात आहेत की, हातांवरही हे सगळं करता येतं.

पाठ भरून येणं हे मात्र पायाचं काम नाही. छातीचं हाड उघडताना फासळ्या ताणल्या जातात, त्याचं ते दुखणं. खुर्चीत बसून खांदे मागे-वर-पुढे दहा वेळा, दिवसातून चार वेळा. दोन्ही हातांखाली उश्या, म्हणजे हातांचा भार मानेवर येत नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. श्वासाच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या यंत्राने जागेपणी दर तासाला दहा श्वास. हे झालं नाही तर बाकी लाड व्यर्थ आहेत.

---

अंगठेबहाद्दर (रिफ्लेक्सॉलॉजी शिकवतो)

टाचदुखी यांच्याशी सहमत. रोज अर्धा तास हा सल्ला अकराव्या दिवसासाठी चूक आहे. एका पायाला दहा ते बारा मिनिटं पुरतात. थकलेल्या माणसाला जास्त वेळ दाबलं की घाम येतो, डोकं हलकं होतं, आणि मग "मानवलं नाही" म्हणून सगळंच बंद पडतं.

वेळ: पॅरासिटामॉल घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, जेवणानंतर किमान तासाभराने. घालमेल अकराला सुरू होते ना? मग दहाला करा. घालमेल चढल्यावर सुरू केलं तर स्पर्शसुद्धा नकोसा होतो.

बैठक: पेशंट अर्धवट रेललेला, पाठ साधारण ४० अंशांत. पाट किंवा बुटकं स्टूल घेऊन तुम्ही पायाशी. पोटरीखाली लांब उशी. गुडघ्यामागे लोड कोंबू नका, तिथे रक्त अडतं. तुमची नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, हात कोमट.

तेल: खोबरेल चार-पाच थेंब, बस. जास्त झालं की अंगठा घसरतो आणि पकड मिळवायला आपण नकळत जोर वाढवतो. ज्यांच्या हाताला घाम येतो त्यांनी टाल्कम पावडर वापरावी.

उजव्या पायाचा क्रम:

१. दोन्ही तळव्यांत पाऊल नुसतं धरून ठेवा, एक मिनिट. हालचाल नाही. ही पायरी सगळे गाळतात.

२. टाच एका हातात, दुसऱ्या हाताने पाऊल सावकाश गोल, पाचदा इकडून, पाचदा तिकडून.

३. बोटांच्या मुळाशी असलेल्या फुगीर गादीखाली एक मूठ टेकवा, वरून दुसऱ्या हाताचा पंजा. आळीपाळीने हलका दाब, कणीक तिंबल्यासारखा पण सैल.

४. बोटं आत वळवली की गादीच्या खाली मधोमध खळगा दिसतो, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत. आम्ही याला सोलर प्लेक्सस म्हणतो. पेशंट श्वास घेताना अंगठ्याने दाब, सोडताना सैल. पाच-सहा वेळा. घालमेलीसाठी एवढी एकच जागा जमली तरी चालेल.

५. त्याच खळग्यातून जाणारी आडवी रेष, गादी जिथे संपते ती. आतून बाहेर अंगठा सुरवंटासारखा चालवा: पेर वाकव, सरळ कर, तांदळाच्या दाण्याएवढं पुढे. दोन-तीन फेऱ्या.

६. त्या रेषेपासून बोटांच्या मुळांपर्यंत उभ्या पाच पट्ट्या. ही छातीची जागा. करंगळीखालची गादी खांद्याची.

७. प्रत्येक बोट मुळाशी धरून हलकं गोल. ओढून कटकन आवाज काढायचा नाही.

८. शेवटी टाचेपासून बोटांकडे पूर्ण पंजाने पाच-सहा लांब हात.

दाब किती? पिकलेला चिकू तयार झालाय का बघताना दाबतो तेवढा. पेशंटला ० ते १० मधे विचारा. ३ च्या वर गेलं तर तुम्ही जास्त दाबताय. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू आहेत, एरवी काही न होणाऱ्या दाबाने दुसऱ्या दिवशी हिरवा-निळा डाग दिसेल. लाकडी जिमी (बिंदू दाबायची काडी), काटेरी रूळ, ॲक्युप्रेशरच्या चपला, थरथरणारं मशीन हे सगळं कपाटात.

पेशंटला उठवण्याआधी तळवा ओल्या कोमट फडक्याने पुसा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तेलकट तळव्याने फरशीवर पाय टेकला आणि घसरला तर छातीचं हाड जोडणारी तार तुटेपर्यंत प्रकरण जाईल. घट्ट मोजे असतील तर ते पाय पूर्ण कोरडा झाल्यावरच. तेलावर मोजा नीट बसत नाही, वळ्या पडतात आणि वळी पोटरीला दोरीसारखी आवळते.

---

शंकासुर (डॉक्टर, भूलतज्ज्ञ)

क्रम चांगला लिहिलाय. पण "छातीची जागा", "खांद्याची जागा" याबद्दल बोललं पाहिजे, कारण त्यातूनच पुढचे घोटाळे होतात.

हा नकाशा प्राचीन वगैरे नाही. अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराच्या डोक्यापासून पायापर्यंत दहा उभ्या पट्ट्या कल्पिल्या, त्यांचं पुस्तक १९१७ चं. युनिस इंगम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी १९३० च्या दशकात तो पसारा तळपायावर बसवला. तळव्यावरच्या ठरावीक ठिपक्यापासून फुप्फुसाकडे किंवा खांद्याकडे जाणारी वेगळी नस शरीरशास्त्रात सापडत नाही, आणि वेगवेगळ्या शाळांचे तक्ते एकमेकांशी जुळतही नाहीत.

पुराव्याचं म्हणाल तर पर्यायी उपचारांचे संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मधे १८ नियंत्रित चाचण्या तपासल्या. कुठल्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी खात्रीने गुणकारी ठरते असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यानंतर इराण आणि तुर्कस्तानातून बायपास, सिझेरियन, पोटाच्या ऑपरेशननंतरच्या बऱ्याच चाचण्या आल्या. दुखणं आणि चिंता थोडी कमी झाल्याचं त्यांतल्या अनेकांत दिसतं. पण गट लहान, मोजमाप लगेच नंतरचं, आणि मुख्य मेख ही की कोणाला मसाज मिळाला हे पेशंटपासून लपवता येत नाही. तुलना "काहीच न करणे" याच्याशी असेल तर पाय धरून वीस मिनिटं कोणी शेजारी बसलं याचाच फायदा मोजला जातो.

तो फायदा खरा आहे, हेही लिहितो. १९६५ मधे वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलेला "गेट"चा सिद्धांत असा की स्पर्श-दाब वाहून नेणाऱ्या जाड तंतूंची वर्दी मज्जारज्जूत पोचली की दुखण्याची वर्दी तिथेच काही अंशी अडते. ठेच लागली की आपण चोळतो, त्याचं कारण हेच. दुसरं, केसाळ कातडीत सावकाश स्पर्शाला प्रतिसाद देणारे खास बारीक तंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाने हात फिरवला तर ते सगळ्यात चांगले चेततात. तळव्याला केस नाहीत! म्हणून घालमेल हाच मुद्दा असेल तर पावलाच्या वरच्या बाजूवरून आणि कोपरापासून मनगटापर्यंत संथ हात फिरवा, सेकंदाला दोन बोटांएवढा सरकेल असा. याला तक्ता लागत नाही.

तक्त्यावर श्रद्धा ठेवली की तीन चुका होतात. एक: अंगठ्याखाली कुरकुर लागली की "युरिक ॲसिडचे खडे जमलेत, फोडायला हवेत" म्हणून जोर लावतात. ती कुरकुर बहुधा स्नायूंच्या दोऱ्या आणि तळव्याच्या जाड पडद्याची असते. फुटतात त्या खड्यांऐवजी केशवाहिन्या. दोन: नंतर कणकण आली, डोकं दुखलं तर "विष बाहेर पडतंय" असं सांगतात. ऑपरेशनच्या अकराव्या दिवशी १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे जंतुसंसर्ग आहे का ते बघायचं, बाकी काही नाही. तीन: गोळी टाळतात. दुखणं सोसत राहिलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. पॅरासिटामॉल घड्याळाप्रमाणे चालू ठेवा. तुमचा हिशेब: ६५० च्या तीन म्हणजे १९५०, रात्रीच्या जोडगोळीत बहुधा ३२५, एकूण २२७५ मिलिग्रॅम. पाकिटावर बघून खात्री करा. मोठ्यांसाठी वरची मर्यादा ४ ग्रॅम, वयस्करांना बरेच डॉक्टर ३ ग्रॅमच धरतात. सर्दीची गोळी घ्याल तर तिच्यातही पॅरासिटामॉल असतं हे विसरू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मात्र बायपासनंतर स्वतःच्या मनाने बिलकुल नको.

---

अंगठेबहाद्दर

शंकासुर, तक्त्यावरून आपलं जमणार नाही, सोडून देऊ. खडे फोडण्याबद्दल मात्र शंभर टक्के मान्य, माझ्या वर्गात हा शब्द वापरला की मी थांबवतो. एक विचारतो: पट्टीने, ओळीने, ठरलेल्या वेळात काम केलं की हात भरकटत नाही, जोर सारखा राहतो. तक्त्याचा एवढा उपयोग तरी मानाल?

---

शंकासुर

एवढा मानतो. स्वयंपाकाला पाककृती लागते तसा. आणि पडताळा घरीच घेता येतो. वहीत रोज तीन वेळा आकडे लिहा: मसाजच्या आधी, अर्ध्या तासाने, आणि सकाळी. प्रत्येक वेळी दुखणं दोनदा विचारा, स्वस्थ असताना किती आणि खोकताना किती. घालमेलीचा आकडा वेगळा. एक दिवसाआड बिंदूंचा क्रम गाळून नुसता संथ हात फिरवा. दहा दिवसांत तुमच्या पेशंटला काय लागू पडतं ते कळेल.

---

रातपाळी (हृदयशस्त्रक्रियेच्या अतिदक्षता विभागात परिचारिका)

सगळे पायात अडकलेत. मला "रात्री अकरानंतर घालमेल" या शब्दांची काळजी वाटते. घालमेल म्हणजे चिंताच असं धरू नका. मसाजला बसण्याआधी पाच मिनिटं तपासणीला द्या.

साखर मोजा. ऑपरेशननंतर खाणं कमी झालेलं असतं आणि साखरेच्या गोळ्या जुन्याच चालू असतात. ७० च्या खाली असेल तर ती घालमेल म्हणजे भुकेलेला मेंदू आहे. मेटोप्रोलॉलमुळे धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. म्हणून थंड घाम दिसला की आधी ग्लुकोमीटर. कमी निघाली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजा. ट्रामाडॉलनेही काही मधुमेहींची साखर घसरते, तेव्हा ती गोळी दिलेल्या रात्री विशेष बघा.

नाडी धरा, पूर्ण मिनिट. ठोके अनियमित आणि भरभर लागतात का? बायपासनंतर साधारण तिघा-चौघांत एकाला हा तालभंग होतो. बहुतेकांना दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, पण घरी गेल्यावरही होऊ शकतो. नाडी अनियमित असेल तर पाय दाबत बसू नका, त्याच रात्री फोन करा.

आडवं झाल्यावर दम लागतो आणि उठून बसल्यावर बरं वाटतं, असं आहे का? वजन रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं तर अंगात पाणी साठतंय. सूज दोन्ही पायांवर असेल तर चोळून ती वर ढकलायचा मोह आवरा.

बोलण्यात विसंगती, माणसं न ओळखणं, चादर ओढत राहणं हे संध्याकाळनंतर वाढत असेल तर तो भ्रम आहे, चिंता नाही. याला दिवसा उजेड, चष्मा, कानाचं यंत्र, घड्याळ नजरेसमोर हे उपयोगी. डॉक्टरांना सांगायचं. ट्रामाडॉल बदलून देतील कदाचित. आणि मेटोप्रोलॉलने काहींना भडक स्वप्नं पडतात. पेशंट हे आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

हे सगळं ठीक निघालं तर मग खुशाल पाय घ्या. छातीच्या डाव्या बाजूला जळजळ, बधिरपणा, मधेच सणक हे रोहिणी काढलेल्या जागेचं असतं, महिनोन्महिने राहतं. पेशंटला वाटतं हृदयच दुखतंय आणि घालमेल तिथून सुरू होते. कारण समजावून सांगितलं की निम्मी उतरते. दाबल्यासारखं, जबड्यात किंवा हातात पसरणारं, घामासकट येणारं दुखणं मात्र वेगळं. तिथे १०८.

---

कोरांटी

सगळ्यांचे आभार. साखर रात्री ११८, नाडी ७४, नियमित. वजनात फरक नाही. बोटांची परीक्षा केली. उजवीकडे तिन्ही कळली. डावीकडे अंगठा आणि मधलं बोट कळलं नाही. हे शीर काढल्यामुळे का? आणि काशाच्या वाटीचं कोणी बोललंच नाही, सासूबाई रोज विचारतात. हातावर करायचं तर कसं?

---

टाचदुखी

सहापैकी दोन नाही, म्हणजे धोक्याच्या बाजूला. दुखावलेल्या नसेची हद्द पावलाच्या आतल्या कडेपुरती, अंगठ्याच्या मुळापर्यंत. मधलं बोट तिच्या हद्दीत येत नाही, त्यामुळे सगळं खापर ऑपरेशनवर फोडू नका. टाके काढायला जाल तेव्हा दोन्ही पायांची मोनोफिलामेंटने (नायलॉनचा बारीक तंतू टेकवून) तपासणी मागा. तोवर डावा तळवाही सोडा. उजव्याला चालेल, पण चिकूपेक्षाही हलकं. गरम पाण्याची पिशवी, गरम पाण्यात पाय, दोन्ही बंद. अनवाणी चालणं घरातही बंद.

---

अंगठेबहाद्दर

हातावर असं करा. आधी सलाईनची सुई होती ती जागा बघा. शीर दोरीसारखी कडक, लाल असेल तर तो हात नको. कधी कधी हाताची रोहिणीही काढतात, मनगटापासून वर टाके असतील तर तो हातही नको. तुमच्या वर्णनात तसं नाही.

पेशंटचा हात उशीवर, तळवा वर. कोपर शरीरालगत, खांदा उचलायला लावू नका. तळव्याच्या मधोमध अंगठा ठेवून श्वासाबरोबर दाब-सैल, सहा वेळा. मग बोटांच्या मुळांखालून आडवी पट्टी, तीन फेऱ्या. प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत हलकं पिळत. शेवटी शंकासुर म्हणतात तसा कोपरापासून मनगटाकडे संथ हात. एका हाताला सात-आठ मिनिटं.

मळमळ होत असेल तर मनगटाच्या घडीपासून त्यांचीच तीन बोटं मोजा, मधल्या दोन दोऱ्यांच्या बेचक्यात अंगठा दोन-तीन मिनिटं. ही जागा रिफ्लेक्सॉलॉजीची नाही, ॲक्युप्रेशरची आहे.

---

शंकासुर

आणि ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी त्या मनगटाच्या जागेला कॉक्रेनच्या (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात बऱ्यापैकी आधार आहे. माझ्याकडून एवढं कौतुक क्वचित निघतं, नोंद घ्यावी.

---

कल्हईवाला (काशाची, तांब्याची भांडी)

वाटीबद्दल. कासं म्हणजे साधारण ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. पितळेच्या वाटीला पॉलिश करून काशाची म्हणून विकतात. खरं कासं टिचकी मारली की लांब घुमतं, पितळ लवकर गप्प होतं. जमिनीवर पडलं तर कासं तडकतं, पितळ चेपतं.

तूप काळं पडतं ते "अंगातली उष्णता निघाली" म्हणून नाही. तुपातली आणि घामातली आम्लं घासण्याने निघालेल्या धातूशी मिळतात, त्याचा तो काळा-करडा लेप. गुळगुळीत दगडावर तूप लावून वाटी घासलीत तरी थोडंफार काळं होईल, आणि दगडाला उष्णता झालेली नसते.

तुमच्या पेशंटसाठी अडचण वाटीच्या काठाची आहे. वापरून कड पातळ होते, टवका उडालेला असतो. बधिर पायाला चरा गेलेला कळणार नाही आणि काळ्या लेपाखाली तुम्हालाही दिसणार नाही. वाटी ठेवा, सासूबाईंना सांगा टाके निघून, डॉक्टरांनी पाय तपासल्यावर फक्त उजव्या पायाला, बुडाकडून, पाच मिनिटं. नंतर काळं साबणाने पूर्ण धुवायचं.

---

रातपाळी

तोवर सासूबाईंना हाताचं काम द्या. रात्री दहाला, दिवा मंद, टीव्ही बंद, त्यांनी सासऱ्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत संथ हात फिरवायचा आणि मोठ्याने श्वास मोजायचे: चारपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर. पेशंटला आपलं माणूस हवं असतं आणि त्यांनाही काहीतरी करायचं असतं. बेडवरून उठताना हाताने ओढून उठवू नका, कुशीवर वळवून पाय खाली सोडायचे आणि पाठीमागून आधार द्यायचा. वही टाके काढायच्या दिवशी बरोबर न्या.